लहान मुलांचं नाक मोजायचं कसं: अकूस्टिक ऱ्हायनोमेट्री, पायरीपायरीने

"याचं नाक कायम चोंदलेलं असतं" ही तक्रार आई करते, मूल करत नाही. तीन-चार वर्षांच्या पोराला मोकळं नाक म्हणजे काय हेच पुष्कळदा माहीत नसतं. तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, जेवताना मध्येच थांबून श्वास घेणं, हे सगळं त्याच्या लेखी नेहमीचंच असतं. त्यामुळे मोठ्या माणसाला विचारतो तसं "किती त्रास होतो, दहापैकी सांग" असं त्याला विचारून भागत नाही. दुर्बीण घालायची तर ते रडतं, आणि रडलं की नाकाची अस्तरं सुजतात, पाणी येतं. म्हणजे ज्या नाकाची तपासणी करायची ते नाकच बदलून जातं. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग आला, शिवाय लहानांना बऱ्याचदा झोपेचं औषध द्यावं लागतं.

म्हणून नाकाच्या आत काहीही न घालता, नळीतून सोडलेल्या आवाजाने काही सेकंदांत आतली जागा मोजणारी अकूस्टिक ऱ्हायनोमेट्री ही पद्धत मुलांसाठी मोलाची आहे. हा लेख प्रामुख्याने कान-नाक-घसा विभागातले तंत्रज्ञ, परिचारिका आणि नवे निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. पण मुलाची ही तपासणी होणार असेल तर आईवडिलांनीही जरूर वाचावा, कारण निम्मं काम त्यांच्याच मांडीवर होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लहान मुलांत 'नाक अरुंद आहे' किंवा 'भरपूर मोकळं आहे' असं दाखवणाऱ्या, यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या अनेक रेषा नाकाच्या नसतातच. त्या नळी आणि नाकपुडीमधल्या गळक्या जोडाच्या, दाबलेल्या नाकपुडीच्या, नुकत्याच जिना चढून आलेल्या पोराच्या असतात. यंत्र चालवायला अर्ध्या दिवसात शिकता येतं. खोटी रेषा ओळखून ती पुसून टाकायला मात्र सराव लागतो, आणि या लेखाचा भर त्यावरच आहे.

आधी यंत्राशिवाय

मूल खोलीत आलं की लगेच नळी हातात घेऊ नका. पाच मिनिटं नुसतं पाहा. तोंड मिटलेलं राहतं का? बोलताना आवाज नाकात अडकल्यासारखा येतो का? डोळ्यांखाली काळसर झाक आहे का? तळहाताने नाकाचं टोक वर चोळायची सवय आहे का? ॲलर्जी असलेल्या मुलांत अशा चोळण्याने नाकावर आडवी घडी पडलेली दिसते.

मग थंड स्टीलचा चकचकीत स्पॅच्युला, म्हणजे चपटी पट्टी, आरशासारखा नाकाखाली आडवा धरा. दोन्ही नाकपुड्यांखाली वाफेचे दोन डाग उमटतात. एक मोठा, एक छोटा असेल तर लगेच घाबरून जाऊ नका, कारण ते पुढे सांगितलेल्या नाकाच्या चक्रामुळेही होतं. पण एका बाजूला डागच नाही, आणि थोड्या वेळाने पाहिलं तरी नाही, तर ती बाजू खरोखर बंद असण्याची शक्यता आहे. ही आरशाची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि आजही उपयोगी पडते. तान्ह्या बाळासाठी कापसाचा बारीक धागा नाकपुडीसमोर धरला तरी कळतं.

दोन प्रसंगांत मोजमापाच्या भानगडीत पडायचंच नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मुलाने काहीतरी आत घातलंय असं समजूनच चाला. शेंगदाणा, मणी, फोम काहीही असू शकतं. त्यातही घड्याळाची किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी असेल तर काही तासांत आतला पडदा जळतो, तेव्हा ताबडतोब तज्ज्ञाकडे. दुसरा प्रसंग नवजात बाळाचा. पाजायला घेतलं की निळं पडतं आणि रडलं की पुन्हा गुलाबी होतं, अशा बाळाचं नाक मागच्या बाजूने जन्मतःच बंद असू शकतं. पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. अशा बाळाला आधी श्वासाची वाट करून द्यावी लागते. रेषा वगैरे नंतर.

ध्वनी नाक कसं मोजतो

विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो. इथे तत्त्व तेच, फक्त वेळ अतिशय थोडा. एका नळीतून 'टक' असा आवाज नाकपुडीत सोडतात. आतली जागा जिथे जिथे अरुंद किंवा रुंद होते तिथून त्याचा थोडा भाग परत येतो आणि नळीतला मायक्रोफोन तो पकडतो. पंचवीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. म्हणजे पाच सेंटिमीटर आत जाऊन परत यायला सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. या वेळेवरून अंतर कळतं आणि परतलेल्या ध्वनीच्या जोरावरून त्या ठिकाणच्या छेदाचं क्षेत्रफळ. पडद्यावर जी रेषा दिसते तिच्या आडव्या अक्षावर नाकपुडीपासूनचं अंतर असतं, उभ्या अक्षावर क्षेत्रफळ.

डेन्मार्कच्या ओले हिल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ही पद्धत नाकासाठी मांडली. लहान मुलांसाठी तिचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे मुलाने फुंकायचं नाही, ओढायचं नाही, जोर लावायचा नाही. दोन-तीन सेकंद स्थिर राहिलं की पुरे.

ही जागा इतक्या काटेकोरपणे का मोजायची? गोल नळीत हवा संथ वाहत असेल तर त्रिज्या निम्मी झाल्यावर रोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, सोळापट होतो. नाक काही गोल नळी नाही, पण कल मात्र तोच आहे. बाळाच्या नाकाची वाट मुळातच इतकी बारीक की अस्तराला आलेली मिलिमीटरभर सूज मोठ्या माणसाला जाणवणारही नाही, पण बाळाचं दूध पिणं बंद होईल.

खोली आणि यंत्र

खोलीतला आवाज ६० डेसिबलच्या खाली हवा. शेजारच्या खोलीत लसीकरण चालू असेल तर रेषा थरथरतात. पंख्याचा झोत थेट नळीवर नको. एसी लावायचा तर सकाळी लावून ठेवा आणि तापमान दिवसभर तेच राहू द्या, कारण तापमान एका अंशाने बदललं की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने बदलतो.

रोज काम सुरू करण्याआधी यंत्रासोबत आलेली ठरावीक मापाची चाचणी-नळी जोडून रेषा घ्या. ती रेषा नळीच्या माहीत असलेल्या मापाशी जुळली तरच पुढे जा. प्रोब, म्हणजे नाकाला लावायची मोजणारी नळी, बदलला, खोली बदलली, दुपारी उकाडा वाढला, तर पुन्हा. कोकणातल्या दमट हवेत नळीत ओल धरते. दोन मुलांच्या मधे ती कोरडी करून घ्या.

नाकाला टेकवायचा तुकडा, म्हणजे नोजपीस, दोन प्रकारचा मिळतो. एक निमुळता, जो नाकपुडीत थोडा घुसतो. दुसरा नाकपुडीच्या कडेला बाहेरून बसणारा, डाव्या-उजव्यासाठी वेगळा. मुलांसाठी दुसराच वापरा. निमुळता तुकडा नाकपुडी ताणतो, आणि नाकाची सर्वांत अरुंद जागा नेमकी तिथेच, पुढच्या भागात असते. प्रत्येक मुलासाठी नवा किंवा निर्जंतुक केलेला तुकडा घ्या. यात तडजोड नाही.

मुलाची तयारी

मूल आलं की पंधरा ते तीस मिनिटं त्याच खोलीत बसू द्या. धावल्याने, जिना चढल्याने नाकाची अस्तरं आकसतात आणि नाक खोटं मोकळं दिसतं. रडल्याने उलटं होतं. आडवं झोपवलं तरी नाक भरतं, म्हणून बसवूनच मोजा आणि दर वेळी तसंच बसवा.

नाक शिंकरता येत असेल तर एकेक नाकपुडी हलक्या हाताने शिंकरून घ्या. येत नसेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून पुसा आणि थोडं थांबा. वाळलेला शेंबूड रेषेत हुबेहूब अडथळ्यासारखा दिसतो. सर्दी चालू असेल आणि तपासणी तातडीची नसेल तर मी पुढची तारीख देते. सर्दीतलं माप सर्दीचंच असतं.

आता खेळ. नळी आधी आईच्या नाकाला लावा आणि पडद्यावर उमटलेली रेषा मुलाला दाखवा. मग टेडीच्या नाकाला लावा. मग नळी मुलाच्याच हातात द्या, 'टक टक' आवाज तळहातावर ऐकू द्या. चार वर्षांपुढच्या बहुतेक मुलांना 'स्टॅच्यू' खेळता येतो. "मी स्टॅच्यू म्हटलं की हलायचं नाही, श्वास पण नाही, ओव्हर म्हटलं की सुटलास." याने जे काम होतं ते "श्वास रोखून धर" सांगून होत नाही, कारण तसं सांगितलं की मूल आधी जोरात श्वास आत ओढतं, गाल फुगवतं आणि तोंडातला मागचा मऊ टाळू वर उचलतं. टाळू हलला की रेषेचा मागचा भाग बदलतो.

त्याहून लहान मुलांना स्टॅच्यू कळत नाही. त्यांना मांडीवर घेऊन मोबाइलवर आवडतं गाणं आवाज बंद करून दाखवा आणि श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभराचा विसावा असतो तो पकडा. दहा प्रयत्नांत तीन चांगल्या रेषा मिळाल्या तरी समाधान माना. हातपाय धरून, डोकं दाबून घेतलेली रेषा घेऊ नये. ती चुकीची तर असतेच, शिवाय ते मूल पुन्हा दारातून आत येत नाही.

नळी टेकवताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

मूल पालकाच्या मांडीवर, पाठ पालकाच्या छातीला टेकलेली. मांडीवर घेणारी आजी असेल तर तिला सांगा, "आजी, तुम्ही फक्त कपाळावर हात ठेवा, दाबू नका." नजर समोर, हनुवटी ना वर ना खाली. तुम्ही मुलाच्या उंचीला येऊन बसा. तुमचं कोपर टेबलावर टेकलेलं हवं; हवेतला हात दोन सेकंदही स्थिर राहत नाही.

नोजपीसच्या कडेला जेलचं पातळ कडं लावा. जास्त लावलं तर ते नाकपुडीत ओघळतं आणि अरुंद जागा म्हणून मोजलं जातं. आता तुकडा नाकपुडीला खालून टेकवा, टेकवताना नाकाचा पडदा एका बाजूला ढकलला जात नाही ना आणि नाकपुडीची बाहेरची पाळ आत दबत नाही ना, ते पाहा. योग्य दाब म्हणजे जेल दोन्हीकडे भिडलेलं दिसतं, पण नाकपुडीचा आकार आधी होता तसाच राहतो. त्वचेचा रंग पांढरट झाला तर दाब जास्त आहे.

नळीचा कोन दर वेळी सारखा ठेवा. काही यंत्रांत नळीला आधाराचा दांडा असतो, तो जरूर वापरा. दुसरी नाकपुडी मोकळी राहू द्या. बोट लावून ती बंद करू नका.

तीन चुका रेषेवर अशा दिसतात. जोड गळत असेल तर रेषा मागच्या बाजूला अवाजवी वर चढते, नाक भलतंच प्रशस्त दिसतं. पाळ दाबली गेली असेल तर अगदी सुरुवातीलाच खोल खड्डा पडतो, पुढच्या रेषेत नाहीसा होतो. मूल श्वास घेत असेल, गिळत असेल किंवा हुंकार देत असेल तर रेषा दातेरी होते. अशा रेषा जागच्या जागी काढून टाका, सरासरीत घेऊ नका.

प्रत्येक रेषेसाठी नळी नाकापासून दूर नेऊन पुन्हा टेकवायची. नळी तशीच ठेवून घेतलेल्या पाच रेषा एकमेकींशी छान जुळतात खऱ्या, पण एकच चूक पाच वेळा जुळते. प्रत्येक बाजूच्या निदान तीन रेषा हव्यात आणि त्यांच्यातली तफावत १० टक्क्यांच्या आत हवी. ५ च्या आत आली तर उत्तम.

रेषा वाचताना

सुरुवातीचा सपाट तुकडा नोजपीसचा असतो, तो सोडून द्या. पुढे साधारण दोन खड्डे दिसतात. पहिला नाकाच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे पुढच्या अरुंद गळ्याचा. दुसरा खालच्या टर्बिनेटच्या, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या मांसल उंचवट्याच्या, पुढच्या टोकाचा. प्रौढांत पहिला खड्डा नाकपुडीपासून साधारण दोन सेंटिमीटरच्या आत येतो, मुलांत त्याहून अलीकडे. या दोहोंतला जो खोल, ते 'किमान क्षेत्रफळ'. त्याच्या बरोबरीने पहिल्या चार-पाच सेंटिमीटरचं आकारमान काढतात. लहान मुलांत चारपर्यंतच थांबलेलं बरं, कारण तेवढ्यात त्यांच्या नाकाची लांबी जवळजवळ संपते.

पुढच्या भागाचे आकडे भरवशाचे, मागचे कमी. वाट पुढेच फार अरुंद असेल तर ध्वनी मागे पुरेसा पोचत नाही आणि मागची जागा आहे त्यापेक्षा लहान दिसते. म्हणून या रेषेच्या शेपटीवरून अडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढल्याचं निदान करू नये. त्यासाठी दुर्बीण किंवा मानेचा बाजूने काढलेला एक्स-रेच हवा.

डावं आणि उजवं कधी सारखं नसतं. निरोगी नाकातही एका बाजूची अस्तरं फुगतात तेव्हा दुसरीकडची ओसरतात आणि काही तासांनी पाळी बदलते. आपल्याकडे योगाभ्यासात डावा स्वर, उजवा स्वर चालू असल्याचं म्हणतात ते यावरच. युरोपात रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये या चक्राचं वर्णन केलं. लहान मुलांत ते मोठ्यांइतकं नियमित नसतं, पण असतं. म्हणून एकाच बाजूच्या आकड्यावर बोट ठेवून 'उजवं नाक अरुंद' असं लिहू नका. दोन्ही बाजूंची बेरीज बरीच स्थिर राहते. तुलना तिची करा.

थेंब टाकून पुन्हा

अडथळा सुजेचा की हाडा-कूर्चेचा, याचं उत्तर दुसऱ्या फेरीत मिळतं. डॉक्टरांनी मुलाच्या वयाप्रमाणे लिहून दिलेले सूज उतरवणारे थेंब टाकायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि तशाच रेषा पुन्हा घ्यायच्या. टर्बिनेटचा खड्डा भरून आला तर सूज होती, म्हणजे ॲलर्जीच्या उपचाराला वाव आहे. पहिला खड्डा तसाच राहिला तर रचनेतच अरुंदपणा असू शकतो.

आईवडिलांना इथे कळकळीने सांगते: हे थेंब घरी स्वतःच्या मनाने टाकू नका, आणि मोठ्यांची बाटली मुलाला तर अजिबात नको. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लहान मुलाला जास्त गेलं तर मूल गुंगतं, नाडी मंदावते, श्वासही मंद होऊ शकतो. चार-पाच दिवसांच्या वर चालू ठेवलं तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं.

तान्हं बाळ

मोठ्यांची नळी तान्ह्याला चालत नाही. पेर ड्युपेसलँड आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात बाळांसाठी बारीक नळीचा छोटा प्रोब वापरून मोजमापं केली. तुमच्याकडे तसा प्रोब नसेल तर बाळाचं माप घेऊच नका. असेल तर पाजून, ढेकर काढून, झोप लागल्यावर मोजा. मान सरळ, बाळ उताणं, हात स्वच्छ आणि कोमट. मोजण्यासाठी म्हणून झोपेचं औषध देऊ नये. बाळाला त्रास न देता मोजायचं हाच तर या पद्धतीचा हेतू.

थोड्या मोठ्या मुलांसाठी श्वासाची मापं

जागा किती आहे आणि हवा किती जाते, हे दोन निराळे प्रश्न. पाच-सहा वर्षांपुढे दुसराही विचारता येतो. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पीक नेझल इन्स्पिरेटरी फ्लो मीटर, म्हणजे नाकाने जोरात ओढलेल्या हवेचा प्रवाह मोजणारं यंत्र: मास्क नाका-तोंडावर, तोंड मिटलेलं, पूर्ण श्वास सोडून नाकाने एकदम 'सुर्र' ओढायचं. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. मूल हळूच तोंड उघडतं, म्हणून पारदर्शक मास्क घ्या आणि ओठांकडे पाहा. घरी सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवायलाही हे बरं.

ऱ्हायनोमॅनोमेट्रीत, म्हणजे नाकातला हवेचा रोध मोजायच्या तपासणीत, एका नाकपुडीला दाबाची नळी चिकटवतात आणि दुसरीतून मूल शांत श्वास घेतं. प्रौढांत रोध १५० पास्कल दाबाला मोजतात. लहान मुलांचा श्वास तिथवर पोचत नाही, म्हणून ७५ घेतात. ७५ चा आकडा १५० च्या तक्त्याशी लावू नका.

अहवालात काय लिहायचं

वय आणि उंची, दोन्ही. तारीख आणि वेळ. खोलीचं तापमान. मूल बसलेलं की झोपलेलं, शांत की रडून गप्प झालेलं. शेवटची सर्दी कधी, कोणतं औषध चालू. कोणता प्रोब, कोणता नोजपीस. किती रेषा घेतल्या, किती टाकल्या, तफावत किती. डावं, उजवं, बेरीज. थेंबांआधी आणि नंतर. रेषांचं चित्रही जोडा, कारण वाचणाऱ्या डॉक्टरला दातेरी रेषा स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. तुलनेसाठी तक्ता वापरला असेल तर तो कोणत्या वयाच्या आणि कोणत्या भागातल्या मुलांवरून केलाय तेही नोंदवा. नाकाची ठेवण वंशागणिक बदलते.

आकडा लहान आला म्हणून शस्त्रक्रिया, असं होत नाही. मापाचा आणि त्रासाचा मेळ नेहमी बसत नाही. झोपेत मुलाचा श्वास थांबतो की नाही हे रात्रीच्या झोपेच्या तपासणीतच ठरतं, नाकाच्या मापात नाही. उपचार चालू झाला असेल तर सहा-आठ आठवड्यांनी मुलाला परत बोलवा. दिवसाची तीच वेळ, तीच खोली, तोच नोजपीस आणि शक्यतो मोजणारा माणूसही तोच ठेवा.